सातेरीचा उंबरा

सातेरीच्या गाभाऱ्यात ऊन पडलंय, असं धाकटा मुलगा लवू सांगत आला तेव्हा काशीबाई मागल्या दारी रातांबे फोडत बसली होती. हातातला रातांबा तिनं टोपलीत टाकला, लाल झालेले हात पदराला पुसले आणि तशीच उठली. ओटीवर तिची नणंद हौसाबाई सुपारी कातरत होत्या.

"भर उन्हाची खंय चललंस गो?" त्यांनी विचारलं.

"ऊन बघूक," काशीबाई म्हणाली आणि पायऱ्या उतरली.

आंबवणी गावच्या देवळात हा प्रकार आजवर कुणी पाहिला नव्हता. सातेरीचा गाभारा म्हणजे काळोख. समईच्या उजेडात चांदीचा मुखवटा आणि हिरवं लुगडं, एवढंच उंबऱ्याबाहेरून दिसायचं. लुगड्याच्या आत मूर्ती नव्हती. आत वारूळ होतं, जमिनीतून आपणहून वर आलेलं. गाव त्याला रोयण म्हणायचा, आणि रोयण हीच देवी. तिला कुणी घडवली नव्हती, कुणी आणून बसवली नव्हती. ती वाढत होती. डोळ्यांना दिसेल अशी नाही, पण आजीनं पाहिलेली रोयण नातीनं पाहिलेल्या रोयणीपेक्षा ठेंगणी होती, हे सगळेच सांगत.

त्या वाढण्यातूनच हे संकट उभं राहिलं होतं. रोयणीची पाठ मागच्या भिंतीला टेकली, भिंतीतून वाळवी छपरात चढली आणि होळीनंतर एका सकाळी गाभाऱ्यावरची तुळई मोडून खाली लोंबली. बाबू गुरव आत पूजा करत होता, तो थोडक्यात वाचला. परब घराणं गावचं मानकरी, म्हणून देवळाचा भार त्यांच्यावर. काशीबाईचे यजमान भाई परब, त्यांनी थोरल्या मुलाला, गुरुदासला, मुंबईहून बोलावून घेतलं. तो तिथं एका इमारती बांधणाऱ्या कंपनीत नकाशे काढायचा. मुंबई राज्याचा महाराष्ट्र होऊन वर्ष होत आलं होतं, त्या वैशाखाच्या तोंडाशी तो बायकोला, सुशीलेला, घेऊन बोटीनं मालवण बंदरावर उतरला. मग देवीचा मुखवटा वाजतगाजत परबांच्या देवघरात आणून ठेवला गेला, लुगडं उतरवलं गेलं आणि गडी छपरावर चढले.

काशीबाई उंबऱ्याशी पोचली तेव्हा छपराचे नळे आणि वासे उतरून झाले होते. वर नुसतं आभाळ होतं. मंडपात जमलेली माणसं खाली बघत होती, पदर नसलेल्या वडीलधाऱ्या बाईसमोर चुकून गेल्यासारखी. काशीबाईनं मान खाली घातली नाही. तिनं डोळे भरून पाहिलं. ओंजळीओंजळीनं ओली माती वर टाकत जावी तशी रोयण चढत गेली होती. जिथं हात पोचत तिथं तेलाचा आणि हळदीचा जाड थर, आणि त्याच्या वर कोरडी, तांबूस, उघडी माती. वाटली होती त्याहून ती उंच होती. एका अंगाला जरा कललेली होती.

लग्न होऊन आली त्या वर्षी काशीबाईनं सासूला विचारलं होतं, आत कोण रवता? सासूनं सांगितलं होतं की सुनांनी असलं विचारू नये. काशीबाईनं विचारणं बंद केलं. पण प्रश्न पडणं काही थांबलं नाही.

आताही तिला एक प्रश्न दोन दिवस छळत होता. मुखवटा घरी, माती इथं. बाबू गुरव सकाळी घरी येऊन मुखवट्यापुढं दिवा लावायचा आणि मग इथं येऊन मातीपुढंही लावायचा. देवी नेमकी कुठं आहे, असं तिनं त्याला काल विचारलं होतं. बाबू वात सारता सारता थांबला. मग म्हणाला, "माका दोनीकडे भय वाटता, वयनी. म्हणजे दोनीकडे आसतली."

तिला ते उत्तर आवडलं होतं, पण पुरलं नव्हतं.

दुपारी जेवणं झाल्यावर ओटीवर सगळे बसले. गुरुदासनं नकाशा पसरला आणि कोपऱ्यांवर सुपारीचे डबे ठेवले. त्याचं म्हणणं सरळ होतं. रोयणीच्या मागं कातळ आहे, भिंत मागं नेता येत नाही. नवीन लाकूड घातलं तर वाळवी तेही खाईल. तेव्हा रोयण काढायची, त्या जागी काळ्या दगडाची मूर्ती बसवायची आणि वर सिमेंटचा स्लॅब टाकायचा. शंभर वर्षं बघायला नको. मूर्तीचा कारागीरही त्यानं मुंबईत बघून ठेवला होता. हे सगळं तो मोठ्या प्रेमानं सांगत होता. त्यातली एकही गोष्ट त्यानं सहज ठरवलेली नव्हती, हे काशीबाईला दिसत होतं.

लवू भिंतीला टेकून ऐकत होता. शेती, बागायत, देवळाचे उत्सव हे सगळं गुरुदास मुंबईला गेल्यापासून तोच बघायचा. पेरणीआधी रोयणीच्या पायथ्याची चिमूटभर माती नेऊन पहिल्या वाफ्यात टाकायची, हा मानही त्याच्याकडे होता.

"रोयण काढलंस तर मगे मी वाफ्यात काय टाकू?" तो म्हणाला. "सिमेंट?"

गुरुदासनं त्याला समजावून पाहिलं. लवू म्हणाला की मूर्ती कुठंही मिळते, ज्याला हवी त्यानं मुंबईत बसवावी. मग दोघांचे आवाज चढले. हौसाबाई लवूची बाजू घेतील असं काशीबाईला वाटलं होतं, कारण जुनं ते सोनं हे त्यांचं पहिल्यापासूनचं. पण त्यांनी सुपारी तोंडात टाकली आणि गुरुदासच्या बाजूनं बोलल्या. शेजारच्या गावानं केवढं देऊळ बांधलं, तिथल्या मानकऱ्यांचं नाव दगडावर कसं कोरलं, हे त्यांनी सविस्तर सांगितलं. सुशीला दाराआड उभी होती. तिला काय वाटतं हे कुणी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही.

भाई सगळ्यांचं ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "माझा नाय नि तुमचा नाय. तिचा घर आसा. तिकाच विचारूया."

म्हणजे कौल लावायचा. देवीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि गाऱ्हाणं घालून वाट बघायची. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आंबवणीत लग्नं, वाटण्या, विहिरी, सगळं असंच ठरत आलं होतं.

सोमवारी सकाळी गाव जमला. मुखवटा घरी असल्यामुळं पाकळ्या मातीलाच लावायच्या होत्या. बाबूनं तांब्यातलं पाणी रोयणीवर ओतलं आणि पाकळ्या चिकटवल्या. भाईंनी हात जोडून गाऱ्हाणं घातलं. "बा आई सातेरे, तुझ्या घराचा छप्पर पडला हा. तुझी लेकरा तुका विचारूक इली हत. तुका आसा तशी ठेवूची, की नवीन रूप देवचा, तां तूच सांग. नवीन रूप होया तर उजवी दी, नको तर डावी." आणि सगळे एका आवाजात म्हणाले, "व्हय म्हाराजा."

माणसं वाट बघत राहिली. पण उघड्यावर तापलेली माती पाणी पिऊन टाकत होती. पाकळ्या सुकत चालल्या आणि मातीला घट्ट धरून बसल्या. बाबूनं पुन्हा पाणी ओतलं, नव्या पाकळ्या लावल्या. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तर त्यानं कळशीच रिकामी केली. ना उजवी पडली, ना डावी.

ऊन डोक्यावर आलं तशी कुजबूज सुरू झाली. गुरुदास हळू आवाजात म्हणाला की देवीनं नाही म्हटलेलं नाही. लवूनं ते ऐकलं.

"व्हय पण म्हटला नाय," तो म्हणाला. "तू तिच्या तोंडात शब्द घालू नको."

गुरुदास म्हणाला, छप्पर उघडं ठेवून पाऊस आला तर तिचं जे काही होईल त्याला कोण जबाबदार? लवू म्हणाला, ज्यानं छप्पर उतरवलं तो. गावासमोर भाऊ भावाला असं बोलला. भाईंनी दोघांकडे पाहिलंही नाही, पंचा खांद्यावर टाकून ते घराकडे चालू लागले. त्यांच्या मागं माणसं पांगली.

काशीबाई मागं राहिली. कौल पडला नाही याचं तिला इतरांइतकं वाईट वाटलं नव्हतं. उलट तिला वाटत होतं की प्रश्नच चुकला असेल. आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला कुणी विचारलं की तुला ठेवू की बदलू, तर ते तरी काय बोलणार? ती उंबऱ्याबाहेर बसली आणि आत बघत राहिली. ऊन सरळ वरून येत होतं. ओतलेल्या पाण्यानं पायथ्याचा तेला-हळदीचा थर फुगून सुटला होता आणि त्याच्या मागची माती थोडी घसरली होती. घसरलेल्या जागी काहीतरी काळं, सरळ असं दिसत होतं. माती सरळ नसते. काशीबाई पुढं वाकली. आत पाय टाकायची तिला मुभा नव्हती, म्हणून तिनं दोन्ही हात उंबऱ्यावर टेकले आणि मान होईल तेवढी पुढं काढली.

सुशीला तिला जेवायला बोलवायला आली, तेव्हा ती तशीच होती. सासूबाईंना भोवळ आली असं वाटून सुशीला धावली.

"माका काय झाला नाय," काशीबाई म्हणाली. "भाईंका बोलाव. आंघोळ करून, सोवळ्यान येवा म्हणान सांग."

भाई आले ते कपाळाला आठ्या घालूनच. पण आंघोळ करून, सोवळ्यानं आले. इतक्या वर्षांच्या संसारात काशीबाईनं त्यांना निरोप पाठवून असं कधी बोलावलं नव्हतं. बायकोनं बोट दाखवलं तसे ते गाभाऱ्यात गेले आणि गुडघे धरत रोयणीसमोर बसले.

"जरा उजव्या हाताक," काशीबाई बाहेरून सांगत होती. "तुमच्या उजव्या. थय. हळू."

त्यांनी बोटांनी सुटलेली माती बाजूला केली. मग पंच्याच्या टोकानं पुसलं. दगड निघाला, घडीव. त्यावर शंख कोरलेला होता. शंखाच्या शेजारी कमळ, पण अर्धंच. उरलेलं अर्धं रोयणीच्या पोटात गेलं होतं.

काशीबाईनं आपल्या हाताखाली बघितलं. ज्या उंबऱ्यावर ती रेलली होती त्यावरही शंख होता आणि शेजारी कमळ. लग्न झाल्यापासून दर सणाला तिनं त्या शंखाच्या कडेनं रांगोळीची रेघ ओढली होती. तिच्या बोटांना तो पाठ होता.

"ह्यो उंबरो आसा," ती म्हणाली.

भाई त्या दगडावर हात ठेवून बसले. मग त्यांनी मागं वळून बायकोकडे पाहिलं. "म्हणजे देऊळ हय सुरू होय होता," ते म्हणाले. "आदी."

सुशीला नवऱ्याला बोलवायला धावली. गुरुदास आला, त्यानं दगड पाहिला आणि पुढचा तासभर तिथंच घालवला. टेप लावून मापं घेतली, बाजूच्या भिंतींवर टकटक करत फिरला, एका ठिकाणचा गिलावा नखानं उकरला. मग लहानपणी खेकडा सापडल्यावर यायचा तसाच हसत आईपाशी आला. बाजूच्या भिंतींत दोन उभ्या भेगा होत्या. भिंत कमजोर झाल्याची खूण म्हणून त्यानं त्या नकाशात दाखवल्या होत्या.

"आये, ती भेग नाय," तो म्हणाला. "सांधो आसा. मागची भिंत जुनी, हयसून पुढची नवीन. कोणीतरी गाभारो पुढे वाढवलो हा."

कुणी वाढवला, कधी वाढवला, हे सांगणारं माणूस गावात उरलेलं नव्हतं. पण काय झालं असेल हे सगळ्यांनाच समजलं. आज आली तीच अडचण तेव्हाही आली असणार. रोयण वाढत पुढं आली असणार, उंबऱ्याला भिडली असणार. आणि त्या माणसांनी रोयण कापली नव्हती. तिला जागा दिली होती आणि नवा उंबरा घडवून पुढं बसवला होता, जुन्यासारखाच, शंखासकट.

गुरुदासनं तिथंच बसून नकाशाच्या पाठीवर नवी रेघ मारली. गाभारा पुढं आणायचा. मागची भिंत रोयणीला देऊन टाकायची. नवं छप्पर बाजूच्या दगडी भिंतींवर तोलायचं, आत लाकूड कुठंच नाही. मूर्तीची आता गरज नव्हती आणि तिचं नावही त्यानं पुन्हा काढलं नाही. लवू हे ऐकत उभा होता. भावाशी बोलायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं, तरी तो मान डोलावत होता.

मग गुरुदासनं खडूनं मंडपाच्या फरशीवर नव्या उंबऱ्याची रेघ ओढली. रेघ मानाच्या बैठकीच्या पुढून गेली होती.

उंबऱ्याबाहेर उजव्या हाताला एक घडीव चिरा होता. परबांचा मानकरी त्यावर बसायचा. तिथूनच गाऱ्हाणं घातलं जायचं, पालखीचा पहिला नारळ तिथंच यायचा. भाईंच्या आधी त्यांचे वडील तिथं बसले, त्यांच्या आधी आजोबा. ती जागा आता गाभाऱ्यात जाणार होती, आणि गाभाऱ्यात देवीपुढं आसन मांडून कोण बसणार?

बातमी कळताच हौसाबाई तरातरा देवळात आल्या. सकाळपर्यंत त्या गुरुदासच्या बाजूच्या होत्या, आता त्याच्याकडे त्यांनी पाठ केली. बैठक गेली की उद्या कुणीही उठेल आणि म्हणेल परब कोण, असं त्या म्हणाल्या. बाजूला दुसरा चिरा बसवू, असं गुरुदास म्हणाला, तेव्हा त्यांनी विचारलं, बसवलेला मान आणि आलेला मान एकच असतो काय?

खरं नवल पुढंच होतं. लवू खाकरला. जमिनीकडे बघत म्हणाला की रोयण फार नाही, या एका अंगानं थोडी तासली, अगदी थोडी, तर बैठक वाचेल.

काशीबाईनं मुलाकडे पाहिलं. भाईंनंतर गुरुदास मुंबईचाच राहणार होता. त्या चिऱ्यावर लवू बसणार, हे न बोलता ठरल्यासारखं होतं. तो लहानपणी एकदा तिथं बसला होता आणि आजोबांनी त्याला हाताला धरून उठवलं होतं, हे तिला आठवलं. तिला त्याचा राग आला नाही.

सुशीला आजवर बोलली नव्हती, ती बोलली. "लवूभावजी, रोयणीला हात लावायचा नाही म्हणून तुम्हीच भांडत होता."

लवूचा चेहरा उतरला. हौसाबाईंनी सुशीलेला गप्प बसायला सांगितलं. बाबू गुरव खांबाशी उभा राहून भाईंकडे बघत होता, कारण शेवटचा शब्द त्यांचा होता. भाई वाकलेले होते. त्यांचा हात चिऱ्यावर होता.

काशीबाई खडूच्या रेघेकडे बघत होती. रेघेच्या अलीकडे, चिऱ्याच्या शेजारी, बायकांची जागा होती. ती तिथंच उभी होती.

"माका एक सांगा," ती म्हणाली. कुणा एकाला उद्देशून नव्हे. "आमी बायका हय बसतो. उद्या ह्यो गाभारो होतलो नि आमका हय पाय ठेवूक गावचो नाय. मगे आज ही जागा काय आसा? काल काय होती?"

हौसाबाई म्हणाल्या, "असले प्रश्न करूचे नसतत." पण जरा हळूच म्हणाल्या.

"माका म्हायत नाय," भाई म्हणाले. त्यांनी खरोखरच विचार करून पाहिला होता. "मान तिना दिलो म्हणतो आमी. मगे ती जागा तिका होयी झाली तर आमका विचारूक ती कौल लावतली काय?"

त्यांनी चिऱ्यावरचा हात काढला, अंथरलेलं घोंगडं उचलून घडी केलं आणि बाबूच्या हातात दिलं. मग लवूला पहार आणायला सांगितलं.

लवूनं पहार आणली. चिऱ्याच्या फटीत टोक घातलं आणि तसाच उभा राहिला. त्याचे हात घट्ट होते, पण जोर लावत नव्हते. काशीबाईला वाटलं, हा आता पहार टाकून निघून जाणार. तेवढ्यात गुरुदास पुढं झाला, भावाच्या हाताशेजारी त्यानं आपले हात ठेवले आणि वाट बघत राहिला. लवूनं त्याच्याकडे पाहिलं नाही. पण थोड्या वेळानं त्यानं एक श्वास सोडला आणि दोघांनी मिळून पहार दाबली.

चिरा जड होता, पण त्या मानानं अलगद सुटला. दोघांनी तो कडेवर उभा केला.

खाली जमीन कोरडी नव्हती. ओली, लाल, ताजी माती होती, आणि बोटाएवढ्या नळ्यांचं जाळं दगडाच्या आकारात पसरलं होतं. चिऱ्याच्या पोटालाही माती चढली होती. उजेड पडताच वाळवीच्या पांढुरक्या मुंग्या सावकाश आत वळल्या, घाई नसल्यासारख्या.

लवू पहार सोडून खाली बसला. "ती आदीच इली हा," तो म्हणाला.

बाबू गुरवानं घोंगडं काखेत धरून हात जोडले. हौसाबाई दोन पावलं मागं सरल्या, मग आणखी एक. सुशीलेनं पदर डोक्यावर घेतला. भाई उभे होते तिथंच उभे होते, आणि इतकी वर्षं आपण कुठं बसत होतो याचा विचार करत असावेत, असं त्यांच्या तोंडावरून वाटत होतं.

काशीबाईनंही मागं सरण्यासाठी पाय उचलला. मग तिनं फरशीकडे पाहिलं. चिऱ्याखाली आली, तर या फरशीखाली किती लांब गेली असेल? मंडपाच्या पायरीपर्यंत? बाहेरच्या दीपमाळेपर्यंत? शेताच्या बांधापर्यंत, की त्याही पलीकडे त्यांच्या घराच्या चुलीखाली? सरायचं तर कुठं सरायचं?

उचललेला पाय तिनं सावकाश, हलक्यानं, होता तिथंच परत ठेवला.